रविवारी घरचा विषय नाही

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्या एका मित्राची पत्नी आणि मुलगी अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून सुरतेत आल्या. रविवारी संध्याकाळी त्या आमच्याबरोबर डुमसच्या समुद्रावर आल्या. सोमवारी सकाळी उधना स्थानकावरून गाडीत बसून त्या परत गेल्या. त्या दोघींनी जूनपासून सुरतेत राहायला यायचे की नाही, हे त्या भेटीत ठरायचे होते. ते ठरले.

आम्ही चौघे होतो. चौघेही महाराष्ट्रातले, चौघांचीही नोकरी सुरतेत आणि घर दुसरीकडे. हा मित्र पलसाण्याच्या एका मिलमध्ये कलरमास्तर होता. कापडाच्या कोणत्या लॉटला कोणता रंग किती द्यायचा, हे तो ठरवत असे. त्याला आम्ही मास्तर म्हणत असू. दुसरे एका बँकेत अधिकारी, मूळचे सांगलीचे. ते साहेब. तिसऱ्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, नाशिककडच्या. त्या बाई. मी खानदेशात खपणाऱ्या एका दैनिकासाठी सुरतेच्या बातम्या पाठवतो, म्हणून मी पत्रकार. खरी नावे फोनमध्ये होती. तोंडात कधी आली नाहीत.

ओळख लिंबायतमधल्या एका गणपतीच्या मांडवात झाली. मी बातमीसाठी गेलो होतो. बाईंच्या शाळेची मुले लेझीम खेळणार होती. साहेबांच्या बँकेने मांडवाला फलक दिला होता आणि मास्तर प्रसाद वाटत होते. पाऊस आला आणि आम्ही चौघे एकाच ताडपत्रीखाली अडकलो. पाऊस थांबेपर्यंत चौघेही एकटे राहतात हे कळले होते. पुढच्या रविवारी साहेब गाडी घेऊन आले.

सुरतेत रविवारी संध्याकाळी घरात चूल पेटत नाही. गावातली माणसे चटया, घडीच्या खुर्च्या, थर्मास, डबे आणि म्हातारी माणसे गाडीत घालतात आणि डुमसच्या रस्त्याला येतात. रस्त्याकडेला जिथे सपाट जागा दिसेल तिथे चटई पडते. दिव्यांच्या खांबांखाली ओळीने कुटुंबे बसलेली असतात. कोणी खमण काढते, कोणी पत्ते. त्या ओळीत आमचीही एक चटई असे. लांबून पाहणाऱ्याला तेही एक कुटुंबच वाटले असते. एकदा शेजारच्या चटईवरच्या आजींनी बाईंना विचारले होते की तीनपैकी भाऊ कोणते आणि नवरा कोणता. बाई म्हणाल्या, तिघेही भाडेकरू.

नियम पहिल्याच वर्षी झाला. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. जेवायला बसलो आणि साहेबांना सांगलीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. साहेब हो, नाही, बघतो एवढेच बोलले आणि फोन ठेवून समोरच्या डब्याकडे बघत राहिले. मग बाई त्यांच्या आईविषयी बोलल्या. आई भावाकडे होती आणि पडल्यापासून अंथरुणावर होती. मग मीही काही बोललो. मास्तर उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. डबे तसेच बंद झाले आणि आम्ही न जेवता परतलो.

पुढच्या रविवारी चटई पसरताना मास्तर म्हणाले, "इथे घरचा विषय नाही. सहा दिवस तोच असतो."

कोणी हरकत घेतली नाही. जो विषय काढेल त्याने थर्मास धुवायचा, अशी शिक्षा साहेबांनी जोडली. थर्मास धुण्याची पाळी फारशी कोणावर आली नाही. आम्हाला एकमेकांची इतर सगळी माहिती होती. बाईंना मिरचीची भजी चालत नाहीत, साहेबांना जागेवरून उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो, मास्तरांच्या नखांतला निळा रंग रविवारपर्यंत जात नाही. साहेबांच्या पत्नीचे नाव मला आजही ठाऊक नाही.

मास्तरांना एक मुलगी आहे, हे त्यांच्या फोनमुळे माहीत होते. फोन चटईवर पडलेला असे आणि वाजला की पडद्यावर कानटोपी घातलेले एक लहान मूल उजळे. त्याविषयी कोणी विचारत नसे.

सोमवार ते शनिवार आम्ही भेटत नसू. मात्र मास्तर पलसाण्याहून गोडादऱ्याच्या खोलीवर परतले की मला फोन करत. सांगण्यासारखे काही नसे. "उद्या काय छापताय?" असे ते विचारत. मी सांगे. वीजपुरवठा बंद, दोन गटांत हाणामारी, पाण्याची लाइन फुटली. ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, बरं. फोन मलाच ठेवावा लागे. आपण होऊन त्यांनी तो कधी ठेवला नाही.

एप्रिलच्या अखेरीस मास्तरांनी आम्हा तिघांना एक संदेश पाठवला. रविवारी माझी मंडळी येणार आहेत, जागा बघायला, मन लागलं तर जूनपासून इथंच, असा तो होता. तिघांनाही एकाच वेळी आला होता. नियम झाल्यापासून त्यांनी घराचा उल्लेख केल्याची ती पहिली वेळ.

मग आम्हाला कळत गेले की त्यांनी गोडादऱ्यातच दोन खोल्यांची जागा आधीच घेतली होती. ओटा होता, नळ आत होता. भिंतींना त्यांनी स्वतः पिस्त्यासारखा फिका रंग लावला होता. साहेब बघून आले आणि म्हणाले, मिलमधला माल असेल, धुतला तरी जायचा नाही. मास्तर हसले. त्यांना एवढे बोलताना आणि हसताना मी आधी पाहिले नव्हते.

आम्ही तयारीला लागलो. साहेबांनी गाडी आतून धुऊन घेतली. बाईंनी घरून काही करून आणायचे ठरवले होते, पण मग त्यांनीच ते रद्द केले. वहिनींना सुरत दाखवायची आहे, आपला स्वयंपाक नाही, असे त्या म्हणाल्या. माझ्याकडे माहितीचे काम आले. गोडादरा, लिंबायत, उधना इथे खानदेशातली किती माणसे आहेत, कानबाईचा उत्सव कसा होतो, गावच्या गाड्या कोणत्या, हे मी सांगायचे होते. परक्या गावी एकटे पडू, ही भीती त्यांना असेल असे आम्ही धरून चाललो होतो. साहेबांनी मुलीसाठी भेट घेतली. समुद्रावर जायचे म्हणून वाळूत खेळायची बादली घेतली. पिवळी, प्लास्टिकची, सोबत फावडे आणि कासवाच्या आकाराचा साचा.

रविवारी गोडादऱ्याच्या नाक्यावर भेटायचे ठरले होते. मी स्कूटरवर होतो, बाकीचे साहेबांच्या गाडीतून जाणार होते. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. शेजारी वहिनी, आणि वहिनींच्या खांद्याला लागणारी, दोन वेण्या घातलेली, सलवार-कमीजमधली एक मुलगी.

साहेबांनी डिकी उघडून बादली काढली होती. ती हातात धरून ते एक क्षण थांबले. परत ठेवणे शक्य नव्हते, सगळ्यांनी पाहिली होती. त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाले, "घे बेटा."

मुलीने आईकडे पाहिले. वहिनींनी आधी बादलीकडे पाहिले आणि मग मास्तरांकडे.

"घे ना," त्या म्हणाल्या. "काका हौसेनं देताहेत."

मुलीने बादली घेतली. गाडीत ती मांडीवर घेऊन बसली होती, असे बाईंनी नंतर सांगितले. बाईंनी गाडीत तिला नाव विचारले, तेव्हाही वहिनींनी मास्तरांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहिले, हेही बाईंनीच सांगितले.

डुमसला ओहोटी होती. पाणी फार लांब गेले होते आणि मधे काळा चिखल होता. मुलीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. तो एवढा मागे का गेला, असे तिने विचारले. मास्तरांनी समजावून सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण परक्या माणसाचे ऐकावे तशी, मान हलवत. मास्तर वर्षातून दोनदा घरी जात, दिवाळीला आणि एखाद्या लग्नाला. आम्ही टोमॅटोची भजी घेतली. वहिनींना ती आवडली. टोमॅटोच्या चकतीला चटणी लावून वर पीठ कसे धरत असतील, हे त्यांनी गाड्यावाल्याजवळ उभे राहून पाहिले आणि घरी करून बघण्यासारखे आहे असे म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. त्यांच्या मते तो एक गुण मिळाला होता.

परतताना नेहमीच्या जागी चटया पसरल्या. वहिनी उभ्याच राहिल्या.

"इथं? रस्त्यावर?"

"इथंच, वहिनी. सगळी सुरत इथंच जेवते," साहेब म्हणाले.

"आमच्याकडे रस्त्याला मेंढरंवाले जेवतात."

"इथे हिरेवाले जेवतात. बैठक तीच."

त्या हसल्या आणि बसल्या. वारा होता. मुलीने बादली चटईच्या उडणाऱ्या कोपऱ्यावर ठेवली आणि फावडे दुसऱ्या कोपऱ्यावर. मास्तरांनी डबे उघडले. कोणाला काय लागते हे त्यांना पाठ होते. बाईंच्या ताटलीत त्यांनी मिरची वेगळी काढली, साहेबांच्या पाठीमागे उशी सरकवली, माझा चहा बिनसाखरेचा आधी ओतला. मग ते पत्नीकडे वळले आणि साखर किती, असे विचारले. वहिनींनी सांगितले.

आम्ही तिघे आळीपाळीने बोललो. मी गोडादऱ्याविषयी सांगितले. साहेबांनी दवाखाने, बस, बाजार सांगितले. वहिनी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होत्या. मग बाईंनी मुलीला जवळ घेतले.

"आणि तू कितवीत गं?"

"पाचवीत जाणार."

"अगंबाई. मला वाटलं होतं तू अजून बालवाडीतच असशील."

बाई हे सहज म्हणाल्या आणि हसल्या. मुलगीही हसली. वहिनींनी हातातला कप खाली ठेवला.

"ताई, तुम्ही किती वर्षं बसता इथे?"

"चार होतील."

"दर रविवारी?"

"पाऊस नसला की दर रविवारी."

"आणि ही केवढी आहे, ते यांनी कधी सांगितलं नाही?"

साहेब घाईने म्हणाले की फोनवरचा फोटो लहानपणीचा आहे ना, त्यामुळे घोटाळा झाला. वहिनी म्हणाल्या की तो फोटो हे पहिल्यांदा सुरतेला निघाले तेव्हाचा आहे. त्यानंतरचे त्या पाठवत आल्या होत्या.

बाईंना वाटले, खरे ते सांगून टाकावे. त्या म्हणाल्या, "तसं नाही, वहिनी. आम्ही इथे कोणीच घरचं बोलत नाही. नियमच आहे तो."

"कोणी केला?"

बाईंना सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायची सवय आहे. "मास्तरांनी," त्या म्हणाल्या.

मास्तर थर्मासचे झाकण लावत होते. ते बसेना. त्यांनी ते काढून पुन्हा लावले. मी म्हणालो की नियमाचे कारण वेगळे होते. वहिनी माझ्याकडे बघून "असेल ना, भाऊ," एवढेच म्हणाल्या. कारण काय, ते त्यांनी विचारले नाही आणि मास्तरांनीही सांगितले नाही. शेजारच्या चटईवर पत्त्यांचा डाव मोडला होता आणि चिटिंग कोणी केली यावर गुजरातीत वाद चालला होता.

मग वहिनींनी डबे आपल्याकडे ओढले आणि वाढायला घेतले. उरलेला वेळ त्यांनीच वाढले. अजून घ्या भाऊ, ताई तुम्ही काहीच खाल्लं नाही, असा आग्रह त्या करत राहिल्या. पाहुण्यांना करावा तसा. शेवटी त्यांनी चटया झटकून नीट घडी घातली आणि साहेबांच्या डिकीत ठेवल्या. नाक्यावर उतरताना त्यांनी तिघांनाही गावी यायचे आमंत्रण दिले. मुलीने बादली बरोबर नेली.

सोमवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी मास्तरांचा फोन आला. सकाळी दोघींना गाडीत बसवून ते मिलला गेले होते. रात्री नव्या खोलीत काय बोलणे झाले, ते त्यांनी सांगितले. भांडण झाले नाही. वहिनींनी सामान भरता भरता म्हटले होते, "तुमनं आठे बरं चालू शे. चार माणसं शेतस. आमले कसाले आनतस?" हे त्यांनी मला आधी अहिराणीत सांगितले आणि मग मला समजले नसेल असे वाटून मराठीत पुन्हा सांगितले. तुमचं इथे बरं चाललंय, चार माणसं आहेत, आम्हाला कशाला आणता.

मी विचारले, त्यावर तुम्ही काय म्हणालात.

"काय म्हणणार? तुमचा विषय निघाला की मला जेवण जात नाही, म्हणून नियम केला, असं सांगू?"

"हेच सांगायचं."

ते म्हणाले, आता पोचल्याही असतील. आणि मग, उद्या काय छापताय. मी सांगितले.

त्याच आठवड्यात बाईंनी मास्तरांकडून वहिनींचा नंबर घेतला. मास्तर आधी नको म्हणाले होते. बाईंनी फोन करून सगळे समजावले, दिवाळीच्या आधीचा तो रविवार, अंथरुणावरच्या आईचा विषय, न जेवता परतणे, मास्तरांचे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहणे. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. बाईंनी मला त्यांचे उत्तर शब्दशः सांगितले. "ताई, हे त्यांनी मला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही सांगून काय?" त्यानंतर त्यांनी बाईंच्या आईची चौकशी केली. आता बसता येतं का त्यांना, असे विचारले. आम्ही तिघांनी ते कधी विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी साहेब चटई पसरताना म्हणाले की नियम रद्द. आजपासून ज्याला जे बोलायचे ते बोलावे. आम्ही बसलो. बाई म्हणाल्या, करा सुरुवात. साहेब म्हणाले, तुम्ही करा. मास्तर डबे उघडत होते. मग साहेबांनी मेट्रोच्या खोदकामाचा विषय काढला आणि सगळ्यांनी त्यात भाग घेतला. घरून निघताना काय बोलायचे ते मी ठरवले होते. तेही राहिले.

मास्तर त्यानंतर आणखी दोन रविवार आले. तिसऱ्या रविवारी काम आहे असा संदेश आला, चौथ्या रविवारी तोही नाही. जूनमध्ये मुलीचे नाव गावाकडच्या शाळेत पाचवीत घातले, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. त्याच महिन्यात त्यांनी दोन खोल्यांची जागा सोडली आणि जुन्या खोलीवर परत गेले. नव्या जागेत शिरपूरकडचे एक कुटुंब आले. संध्याकाळचे फोन पावसाळ्यात कमी झाले आणि गणपतीनंतर बंद झाले. मी केले तर ते घेत. उद्या काय छापताय, हे मात्र विचारत नसत.

दिवाळीनंतर साहेबांची कोल्हापूरला बदली झाली. घराजवळ गेले म्हणून ते खूश होते. चटया, उशी आणि थर्मास त्यांच्याच गाडीत होते. ते सामानही गाडीबरोबर गेले. बाई आणि मी एक रविवार डुमसच्या रस्त्याला गेलो. दोघांनी एका चटईवर बसणे बाईंना बरे वाटले नाही. आम्ही गाड्यावर उभ्यानेच थंड कोको प्यायलो आणि परतलो. तेव्हापासून रविवारी मी दुपारीच ऑफिसला जातो. त्या दिवशी तिथे कोणी नसते. सोमवारच्या अंकाला बातम्या कमी पडतात, एवढे काम असते.

जानेवारीत एका बातमीसाठी पलसाण्याला जावे लागले. रविवार होता. हायवेच्या दोन्ही बाजूंच्या मिल बंद होत्या, चिमण्यांतून धूर नव्हता. मास्तरांच्या मिलच्या गेटवर मी स्कूटर थांबवली. रखवालदार म्हणाला की मास्तर आत आहेत. रविवारी रंगाच्या टाक्या धुतल्या जातात, त्यावर देखरेखीला एक माणूस लागतो, आणि ती ड्यूटी मास्तरांनी पावसाळ्यातच मागून घेतली आहे. त्याने आत फोन लावला. मास्तरांनी त्याच्याकडूनच निरोप दिला की हात रंगात आहेत, संध्याकाळी बोलू.

रखवालदार शिंदखेड्याकडचा होता. मी विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले की मास्तरांची मंडळी गावीच असतात, रविवारी त्यांना इथे दुसरे काय.